वेताळ पाठीवर घेणारी पोरं

दुष्काळी भागातल्या मुलांना अद्भुतकथा आणि विज्ञानकथा वाचायला देणं म्हणजे उपाशी माणसाला पक्वान्नांची चित्रं दाखवणं आहे, असं मी एका शिक्षक कार्यशाळेत बोलले होते. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी दोघा-तिघांनी येऊन ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. अजून कुणाच्या वहीत ते असेल तर त्यांनी माझ्या नावावरून कमी करावं, एवढ्यासाठी खरं तर हे लिहिते आहे.

मी छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, मराठी शिकवायचे. शाळेच्या ग्रंथालयाची खरेदीही माझ्याकडेच होती. त्यामुळे माझं मत नुसतं मत राहिलं नाही, ते कपाटात उतरलं. रा. रं. बोराडे, भास्कर चंदनशिव, बाबुराव बागूल, शंकरराव खरात यांच्या दोन-दोन प्रती. जयंत नारळीकरांचं एखादं पुस्तक, तेही विज्ञानाच्या सरांनी चार वेळा आठवण केली म्हणून. नारायण धारप यादीत कुणी घातले तर मी खोडायचे. 'हॅरी पॉटर आणि परीस' दुकानात हातात घेऊन पाहिलं, जाडी पाहिली, किंमत पाहिली, आणि हे पुण्या-मुंबईच्या पोरांचं आहे असं म्हणून परत ठेवलं.

या शहरात असं मत तयार होणं साहजिक होतं. १९५० साली बाबासाहेबांनी इथे मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, आणि ज्यांच्या घरात आधी कुणी अक्षर गिरवलं नव्हतं अशी मुलं तिथून लिहिती झाली. गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' इथूनच निघायचं. 'तराळ-अंतराळ' लिहिणारे खरात इथल्या विद्यापीठाचे कुलगुरू होते. आपलं जगणं जसं आहे तसं छापून येण्याचा हक्क इथल्या लोकांनी भांडून मिळवला आहे. अशा ठिकाणी शाळकरी मुलाच्या हातात चेटूक आणि उडत्या तबकड्या द्यायच्या, हे मला त्या भांडणाशी बेइमानी केल्यासारखं वाटायचं.

त्यात मी स्वतः पाहिलेला बहात्तरचा दुष्काळ. आई तळ्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि आम्ही पोरं सावली शोधत बसायचो. दुपारी सुकडी मिळायची. रेशनला लाल मिलो यायची, तिची भाकरी थापता थापता तुटायची आणि आई सरकारला शिव्या द्यायची. हे सगळं मी वर्गात सांगायचे, कार्यशाळांत सांगायचे. एक गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. त्या कामावरच्या मस्टर कारकुनाकडे 'चांदोबा'चे जुने अंक होते. त्यांची पानं सुटेपर्यंत आम्ही ते वाचले. ज्याला वाचता येत होतं तो मोठ्यानं वाचायचा, बाकीचे गोल करून बसायचे, आणि खडी फोडणाऱ्या दोन-तीन बायाही हात थांबवून ऐकायच्या. माझ्या सिद्धांतात हे कुठे बसत नव्हतं, म्हणून मी ते वाचनात धरतच नसे.

लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या २०१५-१६च्या वर्षातली गोष्ट. नववीत एक मुलगा गावाकडून मामाकडे राहायला आला होता. त्याचे वडील गेले होते. कसे गेले ते वर्गात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. त्या वर्षीही मी चंदनशिवांची 'लाल चिखल' वाचून दाखवली. भाव पडल्यामुळे भर बाजारात आपलेच टोमॅटो तुडवणारा बाप, आणि ते पाहणारा मुलगा. मी चांगलं वाचते, हे मला माहीत आहे. वर्ग चिडीचूप झाला. तो मुलगा पाणी प्यायला जाऊ का म्हणून उठला आणि तास संपेपर्यंत परत आला नाही. मला वाटलं, पोचली गोष्ट.

ग्रंथालयाच्या तासाला तो खालच्या कप्प्यातलं एक जुनं पुस्तक घेऊन बसायचा. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेलं ज्यूल व्हर्नचं 'पाताळलोकची अद्भुत यात्रा'. कुणाच्या तरी घरातून देणगीत आलेलं असणार, कारण मी ते घेतलेलं नव्हतं. ते बदलून दुसरं घे, असं मी त्याला म्हटलंही. त्यानं बदललं नाही.

व्हर्नची ही कादंबरी १८६४ची. तीत अॅक्सेल नावाचा मुलगा काकाबरोबर पृथ्वीच्या पोटात उतरतो आणि एका टप्प्यावर एकटा पडतो. कंदील पडून बिघडतो, मंद होतो, विझतो. दौलताबादच्या अंधारीतून शाळेच्या सहलीबरोबर गेलेल्या पोराला तो काळोख वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मग खडकाला कान लावल्यावर त्याला दुरून काकाचा आवाज येतो. दगडाच्या लांबच लांब नळीतून आवाज वाहत येतो आहे. आणि तिथे दोघं काय करतात, तर मोजतात. घड्याळ लावून एकानं हाक मारायची, ती ऐकू आली की दुसऱ्यानं लगेच उलट हाक मारायची. जाऊन-येऊन चाळीस सेकंद लागतात, म्हणजे एका बाजूला वीस. आवाजाचा वेग ठाऊक आहे, तेव्हा अंतर निघतं. रडून मोकळा झालेला, मरणाला टेकलेला मुलगा गुणाकार करतो आणि त्या दिशेनं सरपटायला लागतो.

हे सगळं मला त्या मुलानं सांगितलं. तोवर मी पुस्तक वाचलेलंच नव्हतं. वर्गात महिनोन्महिने तोंड न उघडणारा मुलगा माझ्या टेबलाशी उभा राहून वीस सेकंदांचा हिशोब समजावत होता. आणि मग, पुस्तक मिटता मिटता, त्यानं विचारलं, ‘‘मॅडम, आवाज दिला अन् समोरून कुणीच बोललं नसतं तर?’’

मला उत्तर आलं नाही. तो अॅक्सेलबद्दल विचारत नव्हता, एवढं मात्र कळलं. 'लाल चिखल' वाचून मी त्याच्यासमोर त्याचंच घर ठेवलं होतं, तेही पन्नास पोरांच्या देखत. त्याला त्या घराकडे बघायचं होतं, पण लांबून, दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं. व्हर्नच्या भुयारानं त्याला तेवढं अंतर दिलं. तिथं हरवलेला मुलगा जर्मन होता, खडक आइसलँडचे होते, आणि भीती मात्र हुबेहूब त्याची होती.

लगेच मी बदलले असं नाही. मत हे मताच्या जागी राहिलं. एक मुलगा अपवाद म्हणून बाजूला ठेवला. शिक्षकांना हे चांगलं जमतं.

मग २०२० आलं. शहर बंद, शाळा बंद, ग्रंथालयाला कुलूप. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकरींची छायाचित्रं त्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाइलवर होती. माझ्या एका विद्यार्थिनीनं ती पाहिली आणि नंतर बरेच दिवस तिला झोप लागेना. मुलगी नीटची तयारी करत होती. परीक्षा पुढे ढकलली जात होती, अभ्यासिका बंद होती, आणि दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं होती. एका रात्री तिच्या आईचा मला फोन आला. ‘‘मॅडम, पोरगी रोज म्हणते, आज डिमेंटर आलेत. हे औषधाचं नाव आहे का अजून काही?’’

मलाही माहीत नव्हतं. मुलीनंच फोन घेऊन सांगितलं. हॅरी पॉटरच्या तिसऱ्या पुस्तकात हे तुरुंगाचे पहारेकरी येतात. ते जवळ आले की हवा गारठते, माणसाच्या आतलं सुख ओढून घेतलं जातं आणि आयुष्यातल्या सगळ्यात वाईट आठवणी तेवढ्या शिल्लक राहतात. ‘‘मी आईला म्हटलं असतं मला कसंतरी होतंय, तर तिनं लिंबूपाणी दिलं असतं. म्हणून डिमेंटर म्हणते.’’

रोलिंगबाईंनी हे प्राणी स्वतःच्या नैराश्याच्या अनुभवातून रचले, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. ते मला नंतर समजलं. त्या रात्री मला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. या मुलीला नैराश्य हा शब्द येत होता. बारावीला जीवशास्त्र होतं, पेपरात रोज त्यावर लेख येत होते. तरी तो शब्द तिला घरात उच्चारता येत नव्हता. तो उच्चारला की मामा-काका जमा होतात, लग्नाचं बघायला लागतात, देवऋषीपासून डॉक्टरपर्यंत सगळे सुचवून होतात. डिमेंटर म्हटलं की कुणी जमत नाही. आई तिला नुसतं विचारू शकत होती, आज आलेत का? किती आलेत?

त्या पुस्तकात त्यांना पळवून लावायचा मंत्रही आहे. पण तो नुसता पाठ करून चालत नाही. म्हणताना मनात एक खरोखरीची आनंदाची आठवण धरून ठेवावी लागते. हॅरीला ते जमत नाही. गुरुजी चॉकलेट देतात, पुन्हा करायला लावतात, पुन्हा तो चक्कर येऊन पडतो. तिला आवडला होता तो हा भाग: जमत नाही, तो. निकालाच्या बातम्यांमध्ये फक्त जमलेल्यांचे फोटो येतात. जमेपर्यंतची पानं कुणी छापत नाही. या पुस्तकात ती छापली होती.

नंतर वैद्यकीय समुपदेशनही घ्यावं लागलं तिला, हे मुद्दाम लिहिते. पुस्तकानं आजार बरा होतो असं मी म्हणत नाही, आणि म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पुस्तकानं तिला इतकंच दिलं की समुपदेशकासमोर बसल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते तिच्याजवळ तयार होतं.

पुढे मी शोधून वाचायला लागले, कारण माझ्या स्वभावाला दोन मुलांच्या अनुभवावर मत बदलणं मानवत नाही. कोल्टन स्क्रिव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२१चा एक अभ्यास सापडला. करोनाच्या पहिल्या महिन्यांत त्यांनी ३१० जणांना प्रश्न विचारले होते. भयपटांच्या चाहत्यांना त्या काळात मानसिक त्रास कमी जाणवल्याचं दिसलं. परग्रहवासीयांची स्वारी, जगबुडी, मुडद्यांचं राज्य असले चित्रपट पाहणारे तर मनानं टिकले होतेच, वर आलेल्या परिस्थितीसाठी तयारही अधिक होते. आता हा अभ्यास सिनेमांचा आहे, लोकांनी स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांवर आहे, आणि चिवट माणसांनाच असले चित्रपट आवडतात की चित्रपटांमुळे माणसं चिवट होतात, ते यातून ठरत नाही. एवढी खोट काढूनही तो मला टाकून देता आला नाही. जे घरात बसून शंभर वेळा जग बुडताना पाहतात, त्यांना एकदा खरंच बुडायला लागल्यावर पुढचा प्रश्न सुचतो, ही शक्यता माझ्या ‘पळवाट’ या शिक्क्याच्या बरोबर उलट होती.

दुसरा अभ्यास वाचताना तर मान खाली गेली. ख्रिस गॅव्हलर आणि डॅन जॉन्सन या दोघा अमेरिकन प्राध्यापकांनी २०१७ साली एकच प्रसंग दोन रूपांत वाचायला दिला: एकात साधं खानावळीसारखं ठिकाण, दुसऱ्यात तेच ठिकाण अंतराळात, यंत्रमानव आणि परग्रहवासी घालून. अंतराळातलं रूप वाचणाऱ्यांनी ते कमी दर्जाचं ठरवलं, कमी लक्ष देऊन वाचलं आणि त्यांना ते समजलंही कमी. पुढच्या प्रयोगात त्यांना असं आढळलं की दोष त्या प्रकारच्या लेखनाचा नसतो. विज्ञानकथा म्हणजे हलकं काहीतरी असं आधीच धरून बसलेला वाचक ती नीट वाचत नाही. नारळीकरांची पुस्तकं मी अशीच वाचली होती, एका डोळ्यानं.

नारळीकरांना हा वाचक ओळखीचा असावा. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येईल म्हणून हस्ताक्षरसुद्धा पत्नी मंगलाताईंचं. गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा परीक्षकांना लेखक कोण ते ठाऊक नव्हतं.

एवढं होऊनही माझ्या मनात एक आडकाठी होती. हे सारं बाहेरून आलेलं आहे, ही. आइसलँडचा ज्वालामुखी, स्कॉटलंडचा किल्ला, केंब्रिजची वेधशाळा. ती आडकाठी निघाली ती आमच्याच जिल्ह्यात, पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणला.

पैठण म्हटलं की आम्ही नाथांचा वाडा सांगतो, पैठणी सांगतो, जायकवाडीचं पाणी सांगतो. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले तेही इथेच, आणि ते सांगताना आम्हाला कधी अद्भुतकथेचा संकोच वाटत नाही. पण भारतातल्या कथांची जी मोठी गंगोत्री, ती गुणाढ्याची 'बृहत्कथा', सातवाहनांच्या प्रतिष्ठानाशी जोडलेली आहे हे मी वर्गात एका ओळीत उरकायचे. दंतकथा अशी की गुणाढ्यानं पैशाची भाषेत, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं, सात लाख श्लोकांची कथा लिहिली. राजानं भाषा पिशाच्चांची आहे म्हणून ती हिणवून परत पाठवली. गुणाढ्य रानात गेला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि आगीत टाकू लागला. जनावरं चरायचं सोडून ऐकत बसली, वाळून गेली. राजाच्या ताटात सुकं मांस यायला लागलं तेव्हा चौकशी झाली, आणि सातातला एक लाख तेवढा वाचला. ग्रंथालयाच्या यादीत नावं खोडणारी बाई या गोष्टीत कुठल्या बाजूला उभी आहे, ते मला कुणी सांगायला नको होतं.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं त्यातूनच 'कथासरित्सागर' रचला, आणि त्यात वेताळाच्या गोष्टी आल्या. तिथे वेताळ वाहणारा राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानाचा आहे. म्हणजे 'चांदोबा'मध्ये आम्ही ज्याला विक्रम म्हणून ओळखलं, जो तळ्याच्या कामावर आमच्या सोबतीला होता, तो मूळचा पैठणकर.

या गोष्टीकडे आता मी फार निराळ्या नजरेनं बघते. राजा स्मशानात जातो, झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर घेतो. वेताळ गोष्ट सांगतो आणि कोडं घालतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मौन मोडलं म्हणून मी परत झाडावर. राजा हुशार आहे, दर वेळी उत्तर देतो, बरोबर देतो, आणि दर वेळी सगळं पहिल्यापासून. चिडत नाही, नशिबाला बोल लावत नाही, झाडाकडे वळतो. शेवटच्या कोड्याला मात्र त्याला उत्तर येत नाही. बाप आणि मुलगा चुकामुकीनं एका राणीशी आणि तिच्या मुलीशी लग्न करतात: बाप मुलीशी, मुलगा आईशी. त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजा डोकं खाजवतो आणि गप्प चालत राहतो. वेताळ प्रसन्न होतो तो इथे. ज्या मांत्रिकासाठी राजा हे ओझं वाहतो आहे तोच त्याचा बळी देणार आहे, हे गुपित तो याच वेळी सांगतो. तेवीस बरोबर उत्तरांनी जे झालं नाही, ते एका न आलेल्या उत्तरानं झालं.

ज्या शहरात प्रत्येक गल्लीत एक अभ्यासिका आहे आणि प्रत्येक अभ्यासिकेत चार पर्यायांतला एक बरोबर असतो, तिथल्या पोरांना ही गोष्ट मी आता सांगते. आणि नववीतल्या त्या मुलाचा प्रश्न मला आठवतो. त्याला उत्तर देता आलं नाही याची तेव्हा मला लाज वाटली होती. त्याला मात्र माझं गप्प राहणं खुपलं नसावं. पुढच्या तासाला तो पुन्हा येऊन बसला आणि या वेळी वडिलांबद्दल, त्यांच्या बैलजोडीबद्दल बोलला.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. ते इतिहास शिकवायचे, आंबेडकरी चळवळीत आयुष्य गेलं. त्यांचा आक्षेप माझ्या जुन्या आक्षेपापेक्षा खोल आहे. ते म्हणाले, ‘‘मॅडम, पुष्पक विमान ही कल्पनाच होती. आणि त्याच विमानात बसून राम शंबूकाला मारायला गेला. कल्पनेनं आमचं काय केलं ते आम्हाला विचारा.’’ मी त्यांना म्हटलं की पुराण म्हणतं हे असंच होतं आणि असंच राहणार. विज्ञानकथा म्हणते, एक गोष्ट बदलून बघू. म्हणून त्यांना नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' दिली. तीत इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागतच नाही, कानाजवळून निघून जाते, आणि मराठे लढाई जिंकतात. सरांनी रात्रीतून वाचली. सकाळी फोन. ‘‘पेशवाई टिकली म्हणजे! मग आमचं काय झालं, मॅडम?’’ मी म्हटलं, गोष्टीत पुढे लोकशाही येते. ‘‘येते ना. पण घटना कोण लिहितो?’’

हा प्रश्न गोष्टीत नाही, आणि तो तिथे नाही ही त्या गोष्टीची मर्यादा आहे. मराठी विज्ञानकथेच्या मर्यादा मला आजही दिसतात. पुष्कळ गोष्टींत एक शास्त्रज्ञ दुसऱ्याला चहा पिता पिता सिद्धांत समजावतो आणि बायका ट्रे घेऊन येतात. शुभदा गोगट्यांसारखी लेखिका हाताच्या बोटांवर मोजावी लागते. पात्रं डेक्कनवर राहतात. गंगापूरला, सिल्लोडला यान उतरत नाही. अद्भुतकथांमध्ये तर जन्मतःच निवडलेला नायक हा प्रकार इतका बोकाळला आहे की साध्या घरच्या मुलानं त्यातून काय घ्यावं, असा प्रश्न पडतो. आणि धारप! त्यांच्या समर्थ नावाच्या नायकाच्या कथांमध्ये दुष्ट शक्ती किती का भयंकर असेना, तिला नियम असतात, ते शोधले की तिचा बंदोबस्त होतो. गडी रसायनशास्त्र शिकलेला, ते जाणवतं. मी यादीतून खोडलेल्या लेखकांमध्ये मला सर्वांत जास्त चुटपुट त्यांची लागते. तरी भाषा कधीकधी फार घाईची, हेही खरंच.

पण सरांचा प्रश्न त्यांच्याही नकळत विज्ञानकथेचाच झाला होता. घटना कोण लिहितो, म्हणजे काय बदललं तर काय बदलेल. मी त्यांना म्हटलं, हे तुम्ही मुलांना विचारा.

शहरात २०२१पासून मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी यांच्या रीड अँड लीड फाउंडेशननं मोहल्ल्या-मोहल्ल्यांत मुलांसाठी वाचनालयं काढली. ते पाहून आमच्या कॉलनीतही आम्ही निवृत्त मंडळींनी एका रिकाम्या खोलीत पुस्तकं मांडली आहेत. शनिवारी मुलं येतात, मराठी आणि उर्दू दोन्ही शाळांची. उर्दूवाल्या पोरांकडून मला 'तिलिस्म-ए-होशरुबा' कळलं, लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं एकोणिसाव्या शतकात काढलेलं, जादूगारांच्या लढायांचं, वाचता वाचता जन्म सरेल एवढं. माझ्याच शहरातल्या दुसऱ्या भाषेतल्या घरांत हे सांगितलं जात होतं आणि मी अद्भुत म्हणजे परदेशी असं समजत होते. पालक येतात ते विचारतात, याच्यानं मार्क वाढतील का. मी नाही म्हणते. काही जण पोरांना घेऊन जातात, काही ठेवतात.

तिथे सरांनी एका शनिवारी पानिपतची गोष्ट वाचून दाखवली आणि मुलांना लिहायला सांगितलं: गोळी चुकली असती तर आज तुमच्या घरात काय वेगळं असतं? एकानं लिहिलं, त्याची आजी शाळेत गेली असती. एकानं लिहिलं, आम्ही इथे नसतोच, दिल्लीला असतो, आणि तिथे थंडी फार. एका मुलीनं लिहिलं की पानिपत कुणीही जिंकलं असतं तरी आमच्या गल्लीत नळाला पाणी आठ दिवसांनीच आलं असतं.

सरांनी तिच्या कागदावर लाल पेनानं ‘उत्तम’ असा शेरा मारला. मला ते पटलेलं नाही, आणि त्यावरून आमचा वाद अजून चालू आहे. माझं म्हणणं, तिला तिथे थांबू द्यायला नको होतं. पाणी रोज यायचं तर मग कुठली गोळी चुकायला हवी होती, हे पुढच्या शनिवारी तिनं लिहून आणायचं आहे.